हात धुऊन आलो तोवर

आजी अक्षरं शिकली ती मेलेल्यांच्या नावांवरून.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला एक अक्षर येत नव्हतं. नवरा कबरींचे दगड घडवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, म्हणून ती मिस्त्रीणबाई. घर आणि कामाची शेड यांच्यामध्ये एक अंगण, अंगणात पाण्याची टाकी, आणि भिंतीला टेकून उभे असलेले दगड. मिस्त्री छिन्नीने अक्षर कोरायचा आणि त्या खाचेत काळा रंग भरायचं काम बायकोचं. बारीक कुंचला, रंगाची वाटी आणि बाहेर सांडलेला रंग पुसायला रॉकेलचा बोळा. पुसताना दम धरावा लागतो. घाई केली की रंग दगडात शिरतो आणि मग तो मेलेल्या माणसाबरोबरच जातो, निघत नाही.

असं भरता भरता तिच्या हाताला अक्षरांची वळणं कळली. त्यांचे आवाज मात्र कळेनात. मग चर्चच्या पाळकीणबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या पाळकसाहेबांच्या बायकोने, रविवारची उपासना झाल्यावर मोठ्या बायकांचा वर्ग सुरू केला, त्यात ती जाऊन बसली. कडेवर मुलगा, हातात पाटी. बाकीच्या बायका गमभन गिरवत होत्या आणि ही पहिल्याच दिवशी न बघता ‘स्मृती’ लिहून मोकळी. पाळकीणबाईंनी पाटी उचलून हातात घेतली. “अगं बाई, तुला ‘घर’ लिहिता येत नाही आणि ‘स्मृती’ येतं?”

“घर कोणी कोरून घेत नाही ना,” ती म्हणाली.

लिहायला येऊ लागल्यावर तिने पहिलं पत्र लिहिलं ते परगावच्या बहिणीला. तिला कळवायचं होतं एवढंच, की मी इथे रुळले आहे, सुखात आहे. पण तिच्याजवळ शब्द होते ते दगडावरचे. तिने मन लावून लिहिलं, ‘येथे विसावली आहे तुझी प्रिय बहीण. प्रभूच्या कृपेने सर्व कष्टांतून सुटली.’ पत्र पोचलं, आणि पाठोपाठ बहीण नवऱ्यासकट, सासूसकट, काळे कपडे घालून रडत दारात हजर! ही अंगणात भांडी घासत बसलेली. बहिणीने तिला पाहिलं आणि जागच्या जागी खाली बसली. मिस्त्री त्या दिवशी इतका हसला, इतका हसला, की अर्धवट घडवलेल्या एका दगडावर त्याला टेकावं लागलं. एवढं हसताना तिने त्याला पुन्हा पाहिलं नाही.

पण त्याच पत्रामुळे मिस्त्रीच्या ध्यानात आलं, की या बाईला ओळ जुळवता येते. गावची सुईण वारली तेव्हा दगडावर नावाखाली काय घालावं ते तिच्या मुलांना सुचेना. ही रंग भरता भरता म्हणाली, “घाला की, ‘निम्म्या गावाने पहिलं तोंड हिचं पाहिलं.’” ती ओळ कोरली गेली. मग लोक येतच राहिले. दगडावर कोरायची ओळ आखूड लागते, कारण प्रत्येक काना-मात्रेला मिस्त्रीचं मनगट दुखतं. आजीच्या ओळी आखूडच होत्या. शिंप्यासाठी, ‘सगळ्यांची मापं याच्याकडे होती.’ एका तान्ह्या बाळासाठी, ‘नाव ठेवलं होतं. हाक मारायची राहिली.’ आणि एका दारुड्याची बायको म्हणाली होती, “मिस्त्रीणबाई, माझ्याच्याने खोटं लिहवणार नाही, आणि खरं लिहिलं तर मुलांना लाज.” त्यावर आजीने लिहिलं, ‘प्रभू, याला आधी पाणी दे.’ ती बाई ओळ वाचून आधी हसली, मग रडली, आणि पुढे दर रविवारी त्या दगडाशी जाऊन बसायला लागली. नवरा जिवंत असताना ती त्याच्याशेजारी अशी कधी बसली नव्हती.

आयुष्यभर आजीने दुसऱ्यांच्या माणसांसाठी ओळी लिहिल्या. कबरस्तानात हिंडलं तर दर चार दगडांमागे एक तिचा. अख्ख्या कबरस्तानात तिला वाचणं सोसत नव्हतं अशी एकच ओळ होती, आणि तीच सगळ्यांत चांगली होती. ती तिची नव्हती. ती मिस्त्रीची होती.

आता हे सांगायला हवं, की मिस्त्रीचं तिच्याआधी एक लग्न झालं होतं. ती पहिली बायको. घरात तिचं नाव कोणी घेत नसे, ‘पहिली’ एवढंच म्हणत. पहिलीची छाती नाजूक होती. दगडाची धूळ तिला सोसत नसे, खोकल्याची ढास लागायची. म्हणून मिस्त्री शेडमधून निघाला की आधी टाकीवर जायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा, तोंड धुवायचा आणि मगच घराची पायरी चढायचा. एक दिवस तिने घरातून हाक मारली. हा टाकीवर गेला, नेहमीसारखे नीट हात धुतले आणि आत आला, तर ती गेलेली. मूल नाही, बाळ नाही. मिस्त्रीने तिचा दगड स्वतः घडवला आणि नावाखाली एक ओळ कोरली,

‘हात धुऊन आलो, तोवर तू निघून गेलीस.’

नव्या नवरीने या घरात आल्यावर पहिला रंग भरला तो याच दगडात. जुना रंग उडाला होता, तेव्हा मिस्त्रीने तिला कबरस्तानात नेलं आणि म्हणाला, “एवढं भरून दे.” तिने विचारलं, “काय लिहिलंय?” तो म्हणाला, “नाव.” ती निरक्षर होती, पण मूर्ख नव्हती. नाव एवढं लांब असत नाही, हे तिला दिसत होतं. पुढे वाचता आलं तेव्हा ती कोणाला न सांगता एकटी तिथे गेली. दुसऱ्याच्या मदतीशिवाय आयुष्यात तिने पहिली ओळ वाचली ती ही. बाकीच्यांना अक्षरं आली की देवाचं वचन वाचता येतं. हिला सवत वाचता आली.

त्या दिवशी तिच्या पोटात जो निखारा पडला तो पडलाच.

शेजारच्या बायकांनी त्यावर फुंकर घालायचं काम अगदी मनापासून केलं. “पहिलीच्या अंगाला त्याने कधी धुळीचं बोट लावलं नाही हो.” “पहिलीसमोर जाताना असा स्वच्छ, जणू चर्चलाच निघालाय.” मेल्या म्हशीला मणभर दूध, असं मनाशी म्हणून ती गप्प बसायची. पण खरं दुखणं वेगळंच होतं. हा माणूस तिच्याकडे यायचा तो धुळीने पांढराफटक. जेवायला बसताना, रात्री निजताना हात धुवायचा, नाही असं नाही. पण तिने हाक मारली की जसा असेल तसा उठून यायचा. पहिल्या मुलाच्या वेळी कळा सुरू झाल्या आणि तिने हाक मारली, तर हा दोन्ही हात पिठात बुडवल्यासारखे घेऊन खोलीत. तीच ती सुईण ओरडली, “भूत आलं का काय! बाहेर हो आधी!” मुलाच्या कपाळावर जन्मल्या जन्मल्या बापाचा पांढरा अंगठा उठला. तिच्या तापात चादरीवर बोटं. तिची आई गेल्याची बातमी आली, ती मोठ्याने रडली, तर पाठीवर पंजा. सगळे कपडे, सगळे अभ्रे आयुष्यभर धूत आली ती, आणि प्रत्येक डाग धुताना मनात एकच. पहिलीसाठी टाकीवर जायचा. माझ्यासाठी चार पावलं वाकडी करायला नको. उरलेली बायको, तिला उरलेली धूळ.

बोलून दाखवायची सोय नव्हती. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या धरता येतात. मेलेलीचं काय करणार? उलट प्रार्थनेत तिचंही नाव घ्यावं लागे. आजी नाव घ्यायची. पण सगळ्यांत शेवटी आणि जरा पटकन.

अशी वर्षं गेली. केस पिकले. शेडमध्ये आता मुलगा काम बघतो. मशीन आलं, ग्राइंडर आला, दगड कापताना कानठळ्या बसतात. मिस्त्रीच्या मनगटात मोठ्या कामाचा जोर उरला नाही. तो कोपऱ्यात बसून लहान दगड ओल्या कापडाने आणि भुकटीने घोटत असतो, हातांवर सदा पांढरा गाळ. सून घर सांभाळते. आणि शाळेत शिकवणारी नात, तिला त्या वर्षी एक कल्पना सुचली.

चर्चचा मोठा वर्धापनदिन येत होता. नात म्हणाली, “आजीच्या ओळींचं पुस्तक काढायचं.” पाळकसाहेबांनी, म्हणजे आताच्या तरुण पाळकांनी, उचलून धरलं. नात सुट्टीच्या दिवशी कबरस्तानात जाऊन एकेक दगड वाचत फिरली आणि सगळ्या ओळी उतरवून आणल्या; दगडावरची ओळ म्हणजे आजीचीच, असं सगळे धरून चालत. संध्याकाळी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ती आजीला वाचून दाखवू लागली. आजी भाजी निवडत होती. शिंपी झाला, सुईण झाली, दारुडा झाला. सून मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती.

“आणि आता ऐका,” नात म्हणाली, “सगळ्यांत भारी.” आणि तिने ती ओळ वाचली.

आजीच्या हातातली देठं भाजीत आणि भाजी देठांत गेली.

“ही पहिल्या पानावर,” नात म्हणाली. “आजी, कशी गं सुचली तुला?”

बघा, इथे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. ‘ही माझी नाही, तुझ्या आजोबांची.’ पण तेवढं म्हणायचं म्हणजे सुनेसमोर, नातीसमोर कबूल करायचं, की ह्या माणसाने जन्मात एकच ओळ लिहिली आणि ती माझ्यासाठी नाही. आजी म्हणाली, “ती काढून टाक.”

“का?”

“बरी नाही.”

“बरी नाही? आजी, तुझ्या सगळ्या ओळींत हीच तर...”

“मला कळतं का तुला कळतं?”

“बाई गं, लेखिकेला राग आला,” सून हळूच म्हणाली. नात हसली आणि तिने ओळ काही काढली नाही. आजकालच्या मुली ऐकतात थोड्याच.

पुढल्या रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी पुस्तकाची बातमी दिली. नातीने त्यांना आधीच सगळं दाखवलं होतं. ते म्हणाले, “यातली एक ओळ वाचून मला रात्रभर झोप आली नाही. मंडळी, ही ओळ आपल्या आजींनी कोणासाठी लिहिली, माहीत आहे? आपल्या नवऱ्याच्या पहिल्या पत्नीसाठी. स्वतःला त्याच्या जागी ठेवून, त्याच्या तोंडचे शब्द लिहिले त्यांनी. सवतीसाठी! आपण शेजाऱ्याच्या नव्या खुर्च्यांवर जळतो. आणि या माउलीच्या मनाला मत्सर शिवलासुद्धा नाही.”

मंडळीत कुजबुज झाली. पुढच्या बाकावरच्या बाया मागे वळून तिच्याकडे बघायला लागल्या, कौतुकाने. आजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता उठावं, आता बोलावं. तिने तिरक्या नजरेने पुरुषांच्या बाजूला पाहिलं. मिस्त्री बसला होता, हात मांडीवर, नजर समोर. त्याने मान वळवली नाही. बोल ना, तिने मनात म्हटलं. उठ आणि सांग, ही माझी ओळ आहे, माझ्या बायकोसाठी लिहिली. तो बोलला असता तर ती मेल्याहून मेली असती. तो बोलला नाही तर त्याचाही राग आला. आजीने मान खाली घातली. मान खाली घालण्याला लोक नम्रता समजतात.

बाहेर पडताना एक म्हातारी म्हणाली, “तुमच्यासारखं काळीज देवाने मला द्यावं.”

“मागू नका,” आजी म्हणाली. तीही त्या बाईला नम्रताच वाटली.

तो सगळा आठवडा आजीने घरात चोरीचा माल लपवल्यासारखा काढला. गोडही लागत होतं, हे खोटं कशाला सांगा. दुकानदार म्हणाला, “आजी, ती ओळ तुमची? वा!” छापखानेवाला कच्ची पानं घेऊन आला आणि म्हणाला, “शाई वाळेपर्यंत दहादा वाचली.” पहिल्या पानावर ती ओळ, आणि खाली आजीचं नाव. छापलेलं. तिने नावावरून बोट फिरवलं. खाच लागली नाही. दगडावरचं अक्षर बोटाला लागतं. कागदावरचं लागत नाही, म्हणूनच ते इतक्या सहज कोणाच्याही नावावर चढतं. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय. पहिलीचा नवरा घेतला, पहिलीचं घर घेतलं, पहिलीची चूल घेतली. एक ओळ तेवढी त्या बाईकडे उरली होती.

शनिवारी दुपारी तिला राहवेना. मुलगा माल घ्यायला गेला होता, मशीन बंद होतं. ती शेडमध्ये गेली आणि घोटत बसलेल्या मिस्त्रीसमोर ते पान धरलं.

“बघितलंत?”

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. “छान छापलंय.”

“खाली माझं नाव आहे.”

“आहे की.”

“तुम्हाला काही वाटत नाही?”

“काय वाटायचं?”

“ओळ तुमची आहे!”

तो ओल्या कापडाने दगडावर गोल फिरवत राहिला. “मी कुठे लिहिली? झालं ते कोरलं. लिहिणारी तू.”

कौतुक म्हणावं तर कौतुक होतं. पण तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “बरं. मग मी मेल्यावर काय कोराल?”

“तू आधी जाणार आहेस का?”

“विचारलं त्याचं उत्तर द्या.”

मिस्त्रीने हात थांबवला. खरोखर विचार केला त्याने. तिला दिसत होतं, तो शोधतोय, भुवया जवळ आणून, हरवलेली छिन्नी शोधावी तसा. मग म्हणाला, “तुझ्यासाठी मला काही सुचत नाही.”

आजीने पानाची घडी केली. “तिच्यासाठी सुचलं.”

“हो,” तो म्हणाला. “तिच्यासाठी सुचलं.”

एवढं खरं बोलायची काही गरज होती का, तुम्हीच सांगा. थोडं खोटं बोलला असता तर देवाने माफ केलं असतं. आजी अंगण ओलांडून घरात गेली आणि रात्रीच्या जेवणाला बसली नाही. पोटात दुखतंय म्हणाली, आणि तेही खोटं नव्हतं. अंथरुणात तिने ठरवलं. उद्या वर्धापनदिनाला पुस्तक निघेल, पाळकसाहेब तिला पुढे बोलावतील, पहिलं पान वाचायला सांगतील. ती वाचणार. मोठ्याने, स्वतःचं म्हणून. त्याला काही सुचत नाही ना? मग ही मी घेते. माझा तेवढा हक्क आहे. प्रार्थना करताना त्या रात्री तिने पहिलीचं नाव घेतलंच नाही.

सकाळी तिने ठेवणीतले फिकट निळे कपडे घातले. घरात सगळ्यांची धांदल. मुलगा बुटांना पॉलिश करत होता, सून नातीच्या केसांशी झटत होती. मिस्त्री तयार होऊन बसायचा सोडून शेडमध्ये गेलेला. कसला तरी लहान दगड सोमवारी द्यायचा होता म्हणे. आजी रंगाची वाटी झाकली आहे का ते बघायला म्हणून मागच्या दाराने निघाली. अंगणाची पायरी नुकतीच धुतलेली. पाय सरकला.

फार काही झालं नाही. ती बसल्यासारखी पडली, पाठ दाराच्या चौकटीला लागली, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली. ओरडावं असं काही नव्हतं. तिच्या तोंडून निघालं ते नेहमीचंच, आणि तेही हलकं, शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जावं एवढंच.

“अहो.”

घरातल्या कोणाला ऐकू गेलं नाही. शेडमध्ये काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ मिस्त्री. या वयात तो पळत नसे, पायरीसुद्धा भिंत धरून चढे. पण तो आला, टाकीच्या बाजूने आला, टाकीला अंग घासून आला आणि तिथे थांबला नाही. गुडघे टेकून त्याने दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले, मग गाल धरले. “बघ माझ्याकडे. अगं, बघ.” बोटं थंडगार, ओली, दगडाच्या गाळाने माखलेली.

“आहे मी,” ती म्हणाली. “घसरले नुसती.”

तोवर सून दारात आली. “अगंबाई, आई! लागलं का?” मग तिची नजर कपड्यांवर गेली. निळ्या खांद्यांवर दोन्हीकडे पाच-पाच बोटं, गालावर पांढरे पट्टे. “बाबा! आज पुढे जायचंय त्यांना! हात तरी धुवायचे!”

मिस्त्रीने मान वर केली नाही. तो अजून आजीचे डोळे तपासत होता, आधी एक, मग दुसरा.

“धुतले होते एकदा,” तो म्हणाला.

सुनेला काही कळलं नाही. ती पाणी आणायला आत गेली. पण आजी त्या पायरीवर बसल्या जागी थिजली. कोणीतरी दगड तिरपा धरावा आणि इतके दिवस सपाट दिसलेल्या जागी अक्षरं दिसावीत, तसं झालं. सुईण ओरडली होती तेव्हाचे ते पिठासारखे हात. चादरीवरची बोटं. आई गेली त्या दिवशीचा पाठीवरचा पंजा. मुलाच्या कपाळावरचा अंगठा. शेडपासून घरापर्यंतच्या वाटेत टाकी लागते, आणि हा माणूस इतकी वर्षं, तिच्या एका हाकेसरशी, त्या टाकीवरून तसाच येत होता. आणि ती डाग धूत होती. रॉकेलच्या बोळ्याने सांडलेला रंग पुसावा तशी तिने त्याची अख्खी ओळ पुसून काढली होती, रोज, साबण लावून.

“तुम्हाला सुचत नाही म्हणालात काल,” ती म्हणाली.

“नाहीच सुचत,” मिस्त्री म्हणाला. “तुझ्या वेळी मी वेळेवर आलो ना. त्यात कोरण्यासारखं काय आहे?”

सून ओला टॉवेल आणि दुसरे कपडे घेऊन आली. आजीने तोंड पुसून घेतलं. कपडे बदलले नाहीत.

“आई, अहो लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील? पाथरवटाची बायको म्हणतील.”

चर्च भरलेलं होतं. पाळकसाहेबांनी पुस्तक उंच धरलं, आजीला पुढे बोलावलं. ती लंगडत गेली. पुढच्या बाया तिच्या खांद्यांवरचे पंजे बघून एकमेकींना कोपर लावू लागल्या. तिने पहिलं पान उघडलं आणि ती ओळ वाचली. मग पुस्तक मिटलं.

“ही माझी नाही,” ती म्हणाली.

तिने पुरुषांच्या बाजूला बोट केलं.

“ही यांनी लिहिली. मिस्त्रींनी. त्यांच्या पहिल्या बायकोसाठी. पाळकसाहेब म्हणाले, मला मत्सर शिवला नाही. पाळकसाहेब तरुण आहेत.” मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. “मी या एका ओळीवर जन्मभर जळले. तिचं जे जे होतं ते मला मिळालं, तरी जळले. आणि आठवडाभर ही ओळ मी माझ्या नावावर वापरली. पुस्तकात खाली त्यांचं नाव घाला. बाकीच्या माझ्या आहेत, बऱ्या-वाईट.”

पाळकसाहेब गोंधळले. काहीतरी गोड बोलून प्रसंग सावरावा म्हणून ते म्हणाले, “पण आजी, मिस्त्रींनी तुमच्यासाठीही एखादी ओळ नक्कीच...”

“नाही,” आजी म्हणाली. “माझ्यासाठी त्यांना काही सुचत नाही.” आणि हे ती अशा काही तोऱ्यात म्हणाली, हनुवटी वर करून, की मंडळी हसावं की नाही या विचारात पडली. पुरुषांच्या बाजूला मिस्त्री आपल्या नखांतला गाळ कोरत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

छापखानेवाल्याने सगळ्या प्रतींवर चिकटवायला नावाच्या बारीक पट्ट्या छापल्या आणि नातीने कुरकुरत त्या चिकटवल्या. “आजी, आधी सांगितलं असतंस तर!” “आधी कळलं असतं तर सांगितलं असतं,” आजी म्हणाली. त्याच आठवड्यात ती रंगाची वाटी घेऊन कबरस्तानात गेली आणि पहिलीच्या दगडात नव्याने रंग भरला. नावात, आणि ओळीत. दम धरून, कडा पुसून. मत्सर गेला का? एवढा जुना भाडेकरू एका दिवसात घर सोडत नसतो. ‘निघून गेलीस’ भरताना तिच्या मनात आलंच, की ओळ आहे मात्र चांगली. माझ्यापेक्षा चांगली. जरा टोचलं. पण तिने ते शब्दही इतरांइतकेच काळे भरले.

त्या निळ्या कपड्यांचं काय करायचं, हा सुनेला प्रश्न पडला. नात म्हणाली, “ते तसेच जपून ठेवायचे, आजी. आठवण.”

“आठवण गेलेल्यांची ठेवतात,” आजी म्हणाली, आणि साबण लावून तिने डाग स्वतः धुतले, टाकीवर बसून, नेहमीसारखे. कपडे दोरीवर टाकले. शेडमधून घोटण्याचा आवाज येत होता, गोल, गोल. तिने जरा वेळ ऐकलं.

“अहो,” ती म्हणाली. हलकंच.

घोटणं थांबलं. काहीतरी खाली पडलं. मिस्त्री शेडच्या दारात आला, टाकीला वळसा घालून तिच्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, पांढरे.

“काय झालं?”

“काही नाही. सहज.”

त्याने तिला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा तपासून पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत माघारी गेला. घोटणं पुन्हा सुरू झालं.

जेवणाच्या वेळेपर्यंत आजीने त्याला आणखी दोनदा हाक मारली.